दोन विजांवर चालणारी लोकल: मुंबई उपनगरी रेल्वेच्या विद्युत-बदलाचा प्रकरण अभ्यास

शनिवार, 9 एप्रिल 2016 च्या रात्री हार्बर मार्गावर कुर्ला ते छत्रपती शिवाजी टर्मिनस या पट्ट्यात डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेवरची शेवटची लोकल धावली. त्यानंतर डोक्यावरच्या तारेतली वीज बंद करून यंत्रणा बदलण्यात आली आणि त्याच तारेत 1500 व्होल्ट डीसीऐवजी 25,000 व्होल्ट एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, वीज सोडण्यात आली. योगायोग असा की, 3 फेब्रुवारी 1925 रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या उपस्थितीत भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी निघाली तीही याच, बॉम्बे व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, मार्गावरून. सुरुवात आणि शेवट एकाच पट्ट्यात झाला, आणि मधली एक्याण्णव वर्षे मुंबईची लोकल डीसीवर चालली.

या बदलाची नोंद तारा, खांब आणि मेगाब्लॉक यांच्या भाषेत बरीच झाली आहे. माझ्या मते तिचा खरा तांत्रिक गाभा डब्याच्या तळाशी, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या पेट्यांत आहे. आदल्या आठवड्यात 1500 व्होल्टवर धावलेला रेक, म्हणजे डब्यांची अख्खी जोडणी, पुढच्या आठवड्यात 25 किलोव्होल्टवर धावू शकला, याचे कारण त्याच्या मोटारींना तारेत कोणती वीज आहे हे कळतच नव्हते.

डीसी का होती आणि का राहिली

1925 मध्ये 1500 व्होल्ट डीसी निवडणे पूर्णपणे शहाणपणाचे होते. डीसी सिरीज मोटार स्थिर अवस्थेतून उठताना प्रचंड ओढ देते आणि वेग वाढला की आपोआप हलकी होते, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला ती जणू मापाने शिवलेली होती. एसीची डीसी करण्याचे काम त्या काळी फिरत्या यंत्रांनी, पुढे पाऱ्याच्या रेक्टिफायरने आणि नंतर सिलिकॉन डायोडने, पण नेहमी रुळालगतच्या सबस्टेशनमध्येच केले जाई. गाडीत रूपांतर करावे असे उपकरणच उपलब्ध नव्हते.

1957 साली भारतीय रेल्वेने पुढील विद्युतीकरणासाठी 25 किलोव्होल्ट, 50 हर्ट्झ एसी पद्धत स्वीकारली. कोलकात्याची 3000 व्होल्ट डीसी आणि मद्रासची 1500 व्होल्ट डीसी यथावकाश बदलली गेली, आणि उपनगरी सेवेत मुंबईच काय ती डीसीवर उरली. फरक किती मोठा होता हे साध्या गुणाकाराने कळते. एखादा रेक 3 मेगावॅट शक्ती घेत असेल तर 1500 व्होल्टला तारेतून 2000 अँपिअर वाहावे लागतात, तर 25 किलोव्होल्टला 120 अँपिअर पुरतात. तारेत उष्णता होऊन जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे रोध तोच धरला तर नुकसान सुमारे 278 पट. म्हणून डीसीत दर काही किलोमीटरवर सबस्टेशन हवे, तार जाड हवी, आणि तरीही दोन सबस्टेशनांच्या मध्ये गर्दीच्या वेळी तीन-चार गाड्या एकदम उठल्या की तारेतला दाब, म्हणजे व्होल्टेज, बसतो. शिवाय रुळांतून परतणारा डीसी प्रवाह जमिनीत भरकटून पाण्याच्या आणि गॅसच्या नळांना गंजवतो, तो त्रास वेगळाच. बारा डब्यांच्या गाड्या आणि वाढत्या फेऱ्या यांचा भार या पद्धतीला झेपणारा नव्हता.

मग बदल इतका उशिरा का? कारण तार बदलली की जुना प्रत्येक रेक त्याच क्षणी निकामी होणार, आणि सगळे रेक बदलल्याशिवाय तार बदलता येणार नाही. काही महिने सेवा बंद ठेवून दोन्ही एकदम बदलण्याची चैन या शहराला परवडणारी नव्हती. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा पेच होता, आणि तो मधल्या एका टप्प्याने सोडवला गेला: आधी दोन्ही विजांवर चालणारे रेक आणायचे, मग बाहेरून आत, तुकड्या-तुकड्याने, तार बदलत यायचे.

दोन विजांची गाडी ही कल्पना नवी नव्हती. 1975 पासून डब्ल्यूकॅम-1 आणि 1997 पासून डब्ल्यूकॅम-3 ही इंजिने दोन्ही विजांवर चालत होती, आणि विरारसारख्या हद्दीवर मधल्या निर्जीव पट्ट्यातून वेगाच्या जोरावर सरकत वीज बदलत होती. परंतु ती तडजोडीची यंत्रे होती. एसीखाली ट्रान्सफॉर्मर आणि डायोडचा रेक्टिफायर, डीसीखाली सुरुवातीचे रोध, आणि दोन्हीकडे त्याच डीसी मोटारी. जुन्या डीसी लोकलमध्येही तेच रोध असत. मोटार थांबलेली असताना तिच्यात उलटा दाब निर्माण होत नाही, त्यामुळे तारेचा पूर्ण दाब थेट दिला तर ती जळेल. म्हणून मोटरमनने हँडल पुढे घेतले की कॅमशाफ्टवरचे कॉन्टॅक्टर खटखट करत एकेक रोध कमी करीत जात. मोटारी आधी सिरीजमध्ये आणि मग समांतर जोडण्याची युक्ती वापरूनही गाडी उठताना घेतलेल्या विजेचा सुमारे एक तृतीयांश भाग त्या रोधांत नुसता तापून जाई. साध्या रोधांनी गाडी उठवली असती तर निम्मा गेला असता, एवढेच काय ते समाधान. ब्रेक लावताना तर सगळीच गतिज ऊर्जा चाकावरच्या ब्लॉकमध्ये घासून संपे.

डब्याखाली काय बदलले

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात, जागतिक बँकेच्या कर्जातून, पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेले आणि सीमेन्सची विद्युतयंत्रणा बसवलेले रेक नोव्हेंबर 2007 मध्ये पश्चिम रेल्वेवर धावू लागले. प्रवाशांच्या लक्षात राहिले ते जांभळट पट्टे, मोठ्या खिडक्या आणि छतातून येणारी हवा. यंत्रणेचा विचार केला तर मोटारी थ्री-फेज इंडक्शन प्रकारच्या होत्या आणि त्यांना वीज देणारी साखळी आयजीबीटी या झपाट्याने उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या कन्व्हर्टरांची, म्हणजे विजेचे रूप बदलणाऱ्या उपकरणांची, होती.

ही साखळी एसीखाली अशी चालते. छतावरच्या, तारेला टेकणाऱ्या पँटोग्राफवरून आलेले 25 किलोव्होल्ट ट्रान्सफॉर्मर खाली आणतो. मग तारेकडचा कन्व्हर्टर त्या एसीची डीसी करून मोठ्या कपॅसिटरवर ठेवतो. या मधल्या टप्प्याला डीसी लिंक म्हणतात. डीसी लिंकवरून दुसरा कन्व्हर्टर, म्हणजे इन्व्हर्टर, तीन फेजची, हवी ती वारंवारता आणि हवा तो दाब असलेली एसी तयार करून मोटारींना देतो. तार डीसीची असेल तर पहिले दोन दुवे गळतात: 1500 व्होल्ट फिल्टरच्या चोकमधून, म्हणजे प्रवाहातले चढउतार थोपवणाऱ्या गुंडाळीतून, सरळ डीसी लिंकवर येतात आणि पुढचा इन्व्हर्टर तसाच चालू राहतो. इंडक्शन मोटारीला दोन्ही वेळी तेच तीन फेज मिळतात. बहुविद्युत गाड्यांत ट्रान्सफॉर्मरची गुंडाळीच डीसीखाली चोक म्हणून वापरण्याची जुनी युक्तीही आहे, म्हणजे जड तांबे दोन्हीकडे कामाला येते.

घरी इन्व्हर्टर असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. घरातल्या पेटीत भिंतीतली वीज आधी डीसी होते, बॅटरी भरते, आणि वीज गेली की त्याच डीसीतून पुन्हा एसी बनते. लोकलमध्ये बॅटरीच्या जागी कपॅसिटर आहे, त्यामुळे साठवण क्षणभराचीच, पण दोन बाजूंना एकमेकींपासून अलग ठेवण्याचे काम तेच.

इथे दोन बारकावे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिला म्हणजे सिंगल-फेज एसीमधून येणारी शक्ती सलग नसते. 50 हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शिखरावर जाते आणि दोनदा शून्याला येते, म्हणजे 100 हर्ट्झने धडधडते. मोटारीला मात्र सलग शक्ती हवी. या दोहोंतला फरक डीसी लिंकला सोसावा लागतो, म्हणून तिथे कपॅसिटरखेरीज 100 हर्ट्झला जुळवलेला चोक आणि कपॅसिटर यांचा वेगळा फिल्टर लावण्याची पद्धत आहे. डीसी तारेखाली ही धडधड नसते. तिथे काळजी असते ती इन्व्हर्टरने निर्माण केलेले तरंग रुळांत जाऊन सिग्नलला फसवणार नाहीत याची.

दुसरा बारकावा चाकांचा. एका इन्व्हर्टरवर एकाहून अधिक इंडक्शन मोटारी समांतर जोडल्या की सगळ्यांना वारंवारता एकच मिळते, आणि प्रत्येक मोटार किती ओढणार हे तिच्या घसरणीवर, म्हणजे वारंवारतेच्या मानाने ती किती मागे राहते यावर, ठरते. पूर्ण भारावर ही घसरण जेमतेम एक-दोन टक्के. लोकलचे नवे चाक 952 मिलिमीटर व्यासाचे असते. त्यात शेजारच्या अक्षावरचे चाक झिजून 5 मिलिमीटरने लहान झाले तर त्याची मोटार अर्ध्या टक्क्याने जास्त फिरते. ऐकायला अर्धा टक्का काहीच नाही, पण घसरणच एक टक्का असताना तो ओढीतला निम्मा फरक ठरतो: एक मोटार राबते आणि दुसरी बसून खाते. म्हणून कारशेडमध्ये चाकांचे व्यास मोजून जोड्या जुळवण्याचे काम, जे डीसी मोटारींच्या काळात थोडे सैल चालून जाई, ते इथे इन्व्हर्टरने सक्तीचे केले.

गाडी सुटताना दारात उभे राहिले की इन्व्हर्टरचे काम चक्क ऐकू येते. सुरुवातीला एक सलग कुणकुण, मग सूर पायरी-पायरीने बदलत वर चढतो आणि पुढच्या स्थानकाआधी तसाच उलटा उतरतो. मोटारीची वारंवारता शून्याजवळून वाढत जाते तशी आयजीबीटीच्या उघडझापेची पद्धत बदलते, आणि प्रत्येक बदलाला सूर पालटतो. जुन्या गाडीतली कॉन्टॅक्टरची खटखट जाऊन तिथे हे गाणे आले.

ब्रेकची वीज जाते कुठे

या प्रकरणातला सर्वांत अर्थपूर्ण भाग माझ्या दृष्टीने ब्रेकचा आहे. इन्व्हर्टरने मोटारीच्या वेगापेक्षा किंचित कमी वारंवारता दिली की इंडक्शन मोटार जनित्र होते आणि शक्ती उलटी, चाकाकडून डीसी लिंककडे, वाहू लागते. भरलेला रेक 600 टनांचा आणि वेग ताशी 72 किलोमीटर धरला, तर त्याच्यात 120 मेगाज्यूल, म्हणजे सुमारे 33 युनिट ऊर्जा असते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराची ही दहा दिवसांची वीज, आणि ती प्रत्येक थांब्याला खर्ची पडते.

ती सगळी परत मिळत नाही. मोटारी फक्त मोटार कोचच्या, म्हणजे दर तीन डब्यांतल्या एकाच डब्याच्या चाकांवर असतात, त्यामुळे जोराच्या ब्रेकला बाकीच्या डब्यांचे हवेचे ब्रेक मदतीला घ्यावेच लागतात. गिअर, मोटार, दोन कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर आपापला वाटा घेतात, आणि अगदी कमी वेगावर विद्युत ब्रेकचा जोर संपून शेवटचे काही मीटर हवेच्या ब्रेकवरच जातात. एवढे वजा करूनही 30 ते 35 टक्के वीज वाचते, असा आकडा रेल्वे देत आली आहे.

परंतु परत आलेली वीज घ्यायला कोणीतरी हवे. डीसी तारेखाली सबस्टेशनमधले डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात. वीजपुरवठ्याच्या जाळ्याकडे परतीची वाट नाही. म्हणून ब्रेक लावणाऱ्या गाडीच्या जवळपास दुसरी गाडी त्याच वेळी उठत असेल तरच तिला ती वीज मिळते. गर्दीच्या वेळी दादर-कुर्ल्याच्या आसपास असे गिऱ्हाईक हमखास असे, पण रात्री अकरानंतर नसे. गिऱ्हाईक नसले की तारेचा दाब चढू लागतो, 1800 व्होल्टच्या आसपास कन्व्हर्टरला हात आखडता घ्यावा लागतो, आणि उरलेली ऊर्जा पुन्हा उष्णतेच्याच वाटेने जाते. एसीखाली हा अडथळा नाही. तारेकडचा कन्व्हर्टर दोन्ही दिशांनी चालणारा असल्यामुळे तो डीसी लिंकवरची वीज 50 हर्ट्झच्या तालात परत ट्रान्सफॉर्मरला देतो आणि ती 25 किलोव्होल्टच्या वाटेने सबस्टेशनपलीकडच्या जाळ्यापर्यंत जाऊ शकते. शिवाय हाच कन्व्हर्टर तारेतून घेतलेला प्रवाह दाबाच्या तालात ठेवतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या प्रवाहातला कामी येणारा वाटा, एकाच्या जवळ राहतो. डब्ल्यूकॅमच्या डायोड रेक्टिफायरला ते शक्य नव्हते.

विजेच्या बचतीचे श्रेय बहुधा 25 किलोव्होल्टच्या तारेला दिले जाते, ते मला अर्धेच पटते. रोधांत जाणारी वीज वाचवली ती इन्व्हर्टरने, तार डीसीची असतानाच. तारेने नंतर दोन गोष्टी केल्या: वहनातली गळती घटवली आणि ब्रेकच्या विजेला कायमचे गिऱ्हाईक मिळवून दिले.

110 व्होल्टची बॅटरी

या सगळ्या डोलाऱ्याच्या पायाशी एक साधी 110 व्होल्टची बॅटरी असते, आणि तिच्याविषयी क्वचितच लिहिले जाते. पहाटे कारशेडमध्ये पँटोग्राफ खाली असलेला रेक पूर्ण निर्जीव असतो. पँटोग्राफ हवेच्या दाबाने वर जातो, हवा कॉम्प्रेसर देतो आणि कॉम्प्रेसरला वीज हवी. तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा सहायक कॉम्प्रेसर आधी थोडी हवा भरतो, पँटोग्राफ तारेला टेकतो आणि मग पुढची साखळी जागी होते. बॅटरी उतरली असेल तर डोक्यावर 25,000 व्होल्ट असूनही गाडी हलत नाही.

जुन्या गाड्यांत ही बॅटरी मोटार-जनरेटर सेट भरत असे. नव्या गाड्यांत सहायक कन्व्हर्टर कॉम्प्रेसर आणि ब्लोअर यांना 415 व्होल्ट थ्री-फेज देतो आणि त्याच्याच जोडीला बॅटरी चार्जर असतो. चार्जरचे गणित गाडीच्या मानाने लहान, पण नाजूक. लेड-ॲसिडचे 55 सेल धरले तर प्रत्येकी 2.25 व्होल्टने फ्लोटचा, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा, दाब सुमारे 124 व्होल्ट येतो. तापमान वाढले की हा दाब उतरवावा लागतो, साधारण दर सेलला दर अंशाला 3 मिलिव्होल्ट. डब्याखालची पेटी मे महिन्यात 10 अंशांनी जास्त तापली तर पूर्ण बॅटरीला सुमारे 1.65 व्होल्ट कमी द्यायला हवेत. ही दुरुस्ती चार्जरने केली नाही तर सेलमधले पाणी उडते, प्लेटा गंजतात, आणि दोष दिसतो तो थेट एखाद्या पहाटे, पँटोग्राफ वर न गेल्यावर. शिवाय चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरने विद्युत-अलगाव ठेवणे अनिवार्य आहे, कारण एका बाजूला मोटारींचा उच्च दाब आणि दुसऱ्या बाजूला प्रवासी आणि मोटरमन ज्यांना हात लावतात ते दिवे, पंखे, बटणे असतात.

एसी आल्यावर या बॅटरीवर एक नवे कामही आले. एसी सबस्टेशने वेगवेगळ्या फेजवर असतात, म्हणून त्यांच्या हद्दीवर तारेत न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वीज नसलेला तुकडा, ठेवावा लागतो आणि मोटरमनला तिथून वीज तोडून केवळ वेगावर निघावे लागते. तेवढ्या सेकंदांत सहायक कन्व्हर्टर थांबतो आणि नियंत्रणाची सारी यंत्रणा बॅटरीच सांभाळते.

कन्व्हर्टरच्या हाताबाहेरचे

रेक तयार झाले तरी तार एका दिवसात बदलली नाही. पश्चिम रेल्वेचे काम फेब्रुवारी 2012 मध्ये संपले. मध्य रेल्वेवर कसारा-इगतपुरीच्या बाजूने आत येत मुख्य मार्ग जून 2015 मध्ये पूर्ण झाला, आणि हार्बर शेवटी. सिग्नल हे यातले मोठे काम. गाडी कुठे आहे हे रुळांतल्या ट्रॅक सर्किटने कळते. डीसीच्या प्रदेशात रुळांतून डीसी परतत असल्याने ट्रॅक सर्किट एसीचे ठेवावे लागते, आणि एसीच्या प्रदेशात नेमके उलट. दोन्ही काळांत चालेल असे काही हवे म्हणून ध्वनिवारंवारतेची सर्किटे आणि जाणारे अक्ष मोजणारे ॲक्सल काउंटर यांच्याकडे वळावे लागले.

आणि मग पूल. 25 किलोव्होल्टला हवेतले सुरक्षित अंतर 1500 व्होल्टच्या मानाने बरेच जास्त लागते, आणि दक्षिण मुंबईतले मध्य रेल्वेवरचे पूल ब्रिटिश काळातले, बुटके. काही ठिकाणी रूळ खाली घ्यावे लागले, काही ठिकाणी वेगमर्यादा आल्या. हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये पाडला गेला, कर्नाक पूल नोव्हेंबर 2022 मध्ये. 25 डिसेंबर 2017 रोजी पहिली वातानुकूलित लोकल चर्चगेट-बोरिवली मार्गावर निघाली, तिच्या वाटपातही याच पुलांचा हात होता: तिची उंची मध्य रेल्वेच्या पुलांना चालणारी नव्हती, म्हणून ती पश्चिमेला गेली. मुंबईत 'एसी लोकल' म्हटले की लोकांना गारवाच आठवतो, विजेचा प्रकार कोणाच्या मनात येत नाही, हेही या निमित्ताने नोंदवायला हरकत नाही.

दुहेरी रेकचा खर्च मात्र मान्य करायला हवा. डीसीकडे नेणारे स्विच, फिल्टर आणि संरक्षक उपकरणे यांचे वजन आणि किंमत प्रत्येक मोटार कोचने वाहिली, आणि एप्रिल 2016 नंतर ती उपकरणे बिनकामाची झाली. तरीही हा क्रम, आधी रेक आणि मग तार, मला योग्य वाटतो, कारण हा जादा भार पैशांत मोजता येतो, तर लाखो प्रवाशांची सेवा महिनोन्‌महिने बंद ठेवण्याचा हिशेब मांडण्याचे धाडसच कोणी केले नसते. त्यानंतर घेतलेल्या गाड्यांना डीसीची बाजू ठेवण्याची गरज उरली नाही. त्यांच्याही डब्याखाली तीच डीसी लिंक आणि 110 व्होल्टची तीच बॅटरी आहे. एक्याण्णव वर्षांच्या डीसीपैकी मुंबईच्या लोकलमध्ये एवढीच आता उरली आहे.